आईच्या तोंडावरचा रंग

आमच्या शोकेसमध्ये आई-बाबा उभे आहेत. खरे नव्हेत, रेझिनचे. माझ्या तळहाताएवढे. बाबा कापडाच्या लूमला हात टेकून, आई काखोटीला जेवणाचा डबा मारून. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, बनवलेले. पण हे आई-बाबा आहेत असं पाहुण्यांना सांगावं लागायचं, कारण वर्षानुवर्षं रंगाचे हात बसून दोघांची पार गत झाली होती. नाक नाही, डोळे नाहीत, बोटं नाहीत. आईचा डबा कुठे संपतो आणि आईचं पोट कुठे सुरू होतं, काही कळायचं नाही. एकदा समोरच्या चाळीतल्या बाईनं विचारलं, "ये क्या है दीदी, खिलौना?" माझं टाळकंच सटकलं. "मेरी माँ है," म्हटलं, आणि तिच्यासाठी ठेवलेला चहा मीच पिऊन टाकला.

हा सगळा प्रताप खुद्द आईचा. आमच्या वस्तीत घराला रंग लागतो तो चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी. भिंतींना चुना, दाराखिडक्यांना ऑइलपेंट. बाबा भिंती करायचे, आई दारं. आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग टाकून द्यायचा असतो, हे आईला मरेपर्यंत पटलं नाही. दार झालं की खिडकीचे गज. गज झाले की स्टूल. मग कपडे टांगायच्या खुंट्या, पिठाच्या डब्याचं झाकण, एका वर्षी तर मोरीतला मग. शेवटी ब्रशला जे चिकटलेलं असेल, त्यात शोकेसमधले दोघं. "सगळ्यांना नवीन कपडे, यांनीच काय पाप केलंय?" असं म्हणायची आणि डोक्यापासून पायापर्यंत एकच फटकारा. ज्या वर्षी दार पिस्ता, त्या वर्षी आई-बाबा पिस्ता. ज्या वर्षी दार चॉकलेटी, त्या वर्षी दोघं चॉकलेटी. आम्ही पोटभर हसायचो. ती पण हसायची, पण बाबा घरात नसले तरच. ते पुढे येईल.

आई गेल्यावर दाराला मी रंग लावला, पण या दोघांना लावायला हात धजला नाही. ते तसेच चॉकलेटी राहिले.

माझं म्हणाल तर मी नर्स. गावातल्या बाळंतपणाच्या एका लहान दवाखान्यात जन्म गेला माझा. लग्नाचं विचारू नका, ते राहिलं ते राहिलंच. दादा नाशिकला संसारात, इथे मी आणि बाबा. बाबा मूळचे शेलार गावचे, आयुष्यभर लूमवर. ज्या शेडमध्ये त्यांनी शिफ्टा केल्या तिथे आता कुठल्याशा कंपनीचं गोडाऊन आहे, पार्सलं येतात नि जातात. तरी बाबा त्या रस्त्यानं गेले की अजून मोठ्यानं बोलतात. लूमवाल्यांची सवय ती, खडखडाटात बोलून बोलून लागलेली. घरातही मला हाक मारायची तर चार घरं ऐकतात.

त्या बाबांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. बाजूचं दिसेनासं झालं होतं. समोर धरलेलं तेवढं दिसायचं, तेही उजेड असला तर. घरी आल्यावर मी थेंब घातले, ते डोळे मिटून पडले, आणि तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "बाय, एक काम सांगू का?"

"सांगा की."

"तुज्या आयच्या तोंडावरचा रंग काढ."

मला आधी समजेना. मग शोकेसकडे बोट गेलं त्यांचं.

"काय करायचंय काढून? फोटो आहेत की भिंतीवर."

"फोटोत पदर हाय," बाबा म्हणाले.

खरंच होतं ते. आईचा एकही फोटो असा नाही की ज्यात तिचं तोंड उघडं आहे. एक तर पदर ओठांवर, नाहीतर ओठ असे घट्ट मिटलेले की वाटावं बाईचा फोटोवाल्यावर राग आहे. कारण तिचा पुढचा दात नव्हता. मी बालवाडीत होते तेव्हाची गोष्ट. आई रोजच्यासारखी बाबांचा डबा घेऊन शेडमध्ये गेली. बाबांच्या लूमचा धोटा उडाला. धोटा म्हणजे बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत घेऊन लूममध्ये इकडून तिकडे पळतो तो लाकडी तुकडा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंड असतं. पळता पळता कधी सटकला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. आईच्या तोंडावर आला. डोळा वाचला, दात गेला. चूक कुणाचीच नव्हती. पण लूम बाबांचा होता.

"दादा म्हनलेला, हसरी केलीय तिला," बाबा सांगत होते. "दात दिसतात म्हनलेला. मी ड्युटीवरनं येईपर्यंत तिनं रंग मारून टाकला. मी बघितलीच न्हाय."

"मग आठवा की. हसायची तेव्हा कशी दिसायची ते."

बाबांनी डोळे उघडले. थेंब गालावर ओघळले होते, मी पुसले.

"धोटा लागल्यापासनं ती माज्यासमोर हसली न्हाय, बाय. एकदा पन न्हाय. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर जायचो ना आपण, तिच्या गुडघ्यासाठी? बायांचं कुंड भिंतीच्या पल्याड. तिथनं ऐकू यायचं मला तिचं हसणं. कपड्यांची पिशवी सांभाळत ऐकत बसायचो मी. ऐकलंय. बघितलं न्हाय."

मी ते हसणं रोज बघितलेलं. नळावर, स्वयंपाकघरात, पापड लाटताना, शेजारणीच्या नकला करताना. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून, मध्ये ती काळी खिडकी दाखवत हसायची आमची आई. आम्हा पोरांना ती खिडकी एवढी ओळखीची होती की दुसऱ्यांच्या आयांचे सगळे दात बघून आम्हाला चमत्कारिक वाटायचं. आणि हा माणूस तिच्याबरोबर अख्खा जन्म राहिला, तो भिंतीपलीकडून ऐकत बसला होता.

"काढते," मी म्हटलं. "पण तुमचे डोळे पुरतात की नाही त्याचा भरवसा नाही, आणि ते रेझिन किती टिकतं त्याचाही नाही. मला घाई करायची नाही."

"तू सावकाश कर. डोळ्यांना मी सांगतो," बाबा म्हणाले.

हार्डवेअरच्या दुकानात गेले तर तिथला चाचा म्हणाला, "थिनर ले जाओ बहनजी. डुबाके रखो, दो मिनट में साफ." मी बाटली आणली खरी, पण बुडवाबुडवीला मन घेईना. दवाखान्यात नवीन औषध टोचायचं तर आधी टेस्ट डोस देतो आम्ही, चामडीवर थेंबभर. हिला काही झालं तर दुसरी कुठून आणू? माझी चलबिचल बाबांनी ओळखली.

"आधी माज्यावर कर," म्हणाले, आणि शोकेसमधून स्वतःच स्वतःला काढून माझ्या हातात दिलं.

मी कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून बाबांच्या पायाला लावला. रंग सुटला, झरझर सुटला, मी मनात चाचाला दुवा दिला. आणि बघते तर रंगाखालचा पायच चिकट झालेला. बोळ्याचे धागे पायाला चिकटून लोंबायला लागले. "अगं बाई!" म्हणून मी बोळा फेकला, पण उजव्या पायाची बोटं गेली ती गेलीच. गुळाचा खडा ओला झाल्यावर कसा होतो, तसा पाय.

बाबांनी डोळ्यांसमोर धरून बघितलं. "जाऊ दे," म्हणाले. "आता चालायचं कुठं हाय मला?"

दादाला फोन लावला. खरं तर आधी त्यालाच विचारायला हवं होतं, पण दादाला विचारायचं म्हणजे आधी अर्धा तास ऐकून घ्यायचं.

"थिनर?" तो तिकडून ओरडला. "अगं ए बये, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शेलारच्या कारखान्यातला सगळ्यात हलका माल होता तो! त्यात निम्मी पावडर! थिनर लावलंस तर आईची चटणी होईल!"

"ओरडू नको. बाबांच्या पायावर लावलंय फक्त."

"बाबांच्या पायावर?"

"शोकेसमधल्या."

मग तो हसला आणि जरा वळणावर आला. दादा तरुणपणी शेलारला एका कारखान्यात होता. कीचेनं, फ्रिजला चिकटवायची फळं, शोकेसमधल्या बाहुल्या असला माल व्हायचा तिथे. दोन बाटल्यांतलं रसायन मिसळायचं, रबराच्या साच्यात ओतायचं, घट्ट झालं की काढायचं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मातीचे आई-बाबा केले, त्यांचा साचा घेतला, एक-एकच नग काढला. तो कारखाना पुढे बंद पडला, साचे कुठे गेले कुणाला माहीत. दादाला म्हटलं पुन्हा कर, तर म्हणतो हात गेला माझा, आता मला कणकेची चिमणी येत नाही.

"हसरी केली होतीस ना नक्की?" मी विचारलं.

"केली होती गं. चुलीपाशी तुमच्यात बसून हसत होती, तेव्हा बघून बघून ध्यानात ठेवली नि मग केली. दाताच्या जागी सुईनं टोचलेलं. पण इतक्या रंगाखाली काय राहिलं असेल, सांगता येत नाही."

त्यानं मग सगळी कृती सांगितली. कारखान्यात रंग चुकलेला माल परत यायचा, तेव्हा ते लोक जखम धुवायचं तपकिरी औषध वापरायचे, तेच, पाण्यात घातलं की दुधासारखं होतं ते. मला हसूच आलं. ज्या वासात माझी सगळी नोकरी गेली, तोच शेवटी कामी येणार होता. औषध पाणी न घालता बरणीत घ्यायचं, आकृती बुडेल इतकं, झाकण लावायचं. मधून मधून बघायचं, विसरून जायचं नाही, जास्त वेळ राहिलं तर हलका माल मऊ पडतो. रंगाला सुरकुत्या आल्या की काढायचं, आणि हे नीट ऐक, म्हणाला, लगेच पाण्याखाली धरायचं नाही. पाणी लागलं की सुटलेला रंग डिंकासारखा चिकटून बसतो, मग आई जन्मात सुटायची नाही. आधी त्याच औषधाच्या फडक्यानं पुसायचं, मऊ ब्रशनं काढायचं, सगळ्यात शेवटी थंड पाणी आणि साबण. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव, गॅसपाशी बसू नको. सुरी-ब्लेडला हात लावू नको. आणि आईचा डबा धरलेला हात पकडून उचलू नको, तो काडीएवढा बारीक आहे.

फोन स्पीकरवर होता. बाबा मध्येच म्हणाले, "अकलोलीच्या कुंडात बुडवून आणू काय? तिथं लोकांची चामडी साफ होते."

"बाबा!" दादा तिकडून आणि मी इकडून एकदमच ओरडलो. गरम पाण्यानं रेझिन वाकतं, दादानं समजावलं. बाबा हिरमुसले. मला वाटतं, त्यांना रंगाचं निमित्त करून अकलोलीला जायचं होतं.

लोणच्याची रिकामी बरणी घेतली, धुऊन कोरडी केली. आधी पुन्हा बाबाच. या खेपेला काहीच बिघडलं नाही. दुपारी बुडवले, ऊन उतरताना बघितलं तर चॉकलेटी रंगाला सायीसारख्या सुरकुत्या. फडक्यानं पुसला तर खालून पांढरा निघाला. पुन्हा बुडवले. पांढऱ्याखाली पिस्ता. असं रोज एक-एक कपडा उतरवत अखेर बाबा निघाले, कोवळे, मिशीवाले, छातीच्या फासळ्या दिसणारे. दादानं त्यांच्या कानाला बिडी पण खोचली होती. बाबांनी बिडी सोडून जमाना झालाय, पण ती बघून त्यांचा हात आपसूक कानामागे गेला.

मग आई. तिला बरणीत सोडताना मला भीती वाटली. बाळाला पहिली आंघोळ घालताना नव्या नर्सेस त्याला टबावर नुसतं धरून बसतात, तेव्हा मी त्यांना ओरडते. मी आईला बरणीवर तशीच धरून बसले तेव्हा ओरडायला कुणी नव्हतं. घरभर दवाखान्याचा वास झाला. बाबा म्हणाले, "तू ड्युटीवरनं येतेस की न्हाय, तेच कळंना झालंय."

चॉकलेटी निघाला. ते शेवटचं वर्ष. ब्रश धरताना तिचा हात हलायचा, म्हणून दाराच्या कडेला भिंतीवर ओघळ आले होते आणि ती स्वतःवरच चिडली होती. पांढरा निघाला. त्या वर्षी पावसाचं पाणी घरात शिरलं होतं आणि दारं फुगली होती, म्हणून पांढरा, म्हणजे ओल दिसेल. मग पिस्ता. पिस्ता माझ्या हट्टानं आणलेला. आणून लावल्यावर मलाच आवडला नाही, आणि आईनं वर्षभर येता-जाता टोमणे मारले, "पिस्त्याच्या घरात आलात, बसा." फडक्यावर एकेक वर्ष येत होतं नि मी ते बादलीत टाकत होते.

आकाशी रंगापाशी माझं काम अडलं. आईच्या मानेजवळ रंगात ब्रशचा एक केस अडकलेला दिसला. तिच्या ब्रशचा. दांड्याला चिंधी गुंडाळलेला तो ब्रश, ती गेल्यावर मी कधीतरी भंगारात देऊन टाकला होता. आता तो केस पुसायचा म्हणजे काय? दादानं केलेली आई खाली होती, पण हा वरचा हात तर खुद्द आईचा होता. आई कुठल्या बाजूची खरी? मी फडकं ठेवलं, मोजे काढले, आणि आईला तशीच अर्धवट आकाशी शोकेसमध्ये ठेवून दिली.

बाबांना कळलंच. दुसऱ्या दिवशी विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं, नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, मी म्हटलं, वेळ नाही. त्या दिवशी त्यांनी भाकरी नुसती चिवडली नि ताट सरकवलं. आणि मला जे यायला नको होतं ते आलं, राग. आमच्याकडे राग आईचा आलाय मला, तिचाही असाच भसकन यायचा.

"जेवा!" मी म्हटलं. "तुमच्या या न जेवण्यापायीच सगळं झालंय!"

"काय झालंय?"

आता तोंडातून निघालंच होतं. "तिनं तोंड का झाकलं, माहितेय तुम्हाला? तुम्हाला वाटतं लाज वाटायची तिला. आम्हा सगळ्यांसमोर खिदळायची ती, तेव्हा नव्हती वाटत लाज! तिच्या गेलेल्या दाताची जागा बघितली की तुमचा घास अडायचा. ताट सरकवून उठून जायचात तुम्ही, आत्ता सरकवलंत तसं. ती मला स्वतः म्हणाली होती, 'ते बघतात नि जेवत न्हाईत. मशीनवर उभ्यानं आठ-आठ तास काढायचे माणसानं, उपाशी कसं पाठवू?' म्हणून तोंड बंद केलं तिनं. तुमच्या दोन भाकऱ्यांसाठी! आणि तेच तोंड मी तुमच्यासमोर उघडून ठेवायचं होय?"

बोलून गेले आणि वाटलं, जीभ झडली का नाही माझी. हे आईनं मला एकटीला सांगितलेलं होतं. बाबा ताटाकडे बघत बसले. त्यांच्या नजरेत ताट मावत होतं की नाही, कुणास ठाऊक. गल्लीतून पावभाजीवाल्याची गाडी गेली, तव्यावर कालथा वाजवत.

"असं हाय व्हय," बाबा हळू म्हणाले. चार घरांना ऐकू जाणारा माणूस, मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं. "मला वाटायचं, रागावलीय. धोट्यापायी माज्यावर रागावलीय, म्हनून हसत न्हाय. इचारायचा धीरच न्हाय झाला."

इतकी वर्षं एकाच खोलीत, एकाच चुलीचं खाऊन, ती त्यांच्यासाठी गप्प आणि हे तिला घाबरून गप्प. मला दोघांचाही एवढा राग आला, आणि एवढं रडू आलं, की मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती ती.

मागून बाबा म्हणाले, "काढ, बाय. मी ताट सरकवणार न्हाय."

ब्रशचा तो केस मी चिमट्यानं काढून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला. आणि मग आकाशी उतरवला. आकाशीखाली हिरवा, हिरव्याखाली चंदेरी, मग आणखी कितीतरी, आणि सगळ्यात तळाला लाल प्रायमर, लोखंडी गजांना लावतात तो. हाच तो पहिल्या संध्याकाळचा हात. घाईघाईत दिलेला, जाड. तो सुटता सुटेना. दवाखान्यात जखमेला चिकटलेली पट्टी ओढली की नव्या पोरींना माझ्या शिव्या बसतात, ओढायची नाही, भिजवायची, तिची ती सुटते. तेच केलं. भिजव, बघ, पूस, पुन्हा भिजव. डब्याच्या हाताला ब्रश लागूच दिला नाही, तिथे नुसता ओला बोळा टेकवून बसायचे.

कपाळ निघालं. नाक निघालं, आईचं बसकं नाक, माझ्यासारखंच. गाल वर चढलेले, डोळे बारीक झालेले, मान मागे. हसत होती! दादा खोटं बोलला नव्हता. सगळं तोंड हसत होतं. आणि मध्ये दातांची अख्खी, सरळ, बिनफटीची ओळ. खिडकी नव्हतीच.

मी भिंग घेऊन उजेडात गेले. एका दाताच्या जागी जरा पिवळट, जरा गुळगुळीत काहीतरी बसलं होतं. नखानं दाबलं तर दबलं. मेण. मेणबत्तीचं मेण. बुद्धमूर्तीपुढे रोज संध्याकाळी आई जी मेणबत्ती लावायची, तिचं ओघळलेलं मेण ती कागदात जमवून ठेवायची, दाराच्या बिजागरीला चोळायला. त्यातलंच घेतलं असणार. दादानं सुईनं टोचलेलं भोक तिनं मेणानं बुजवलं, आणि एवढ्यानं भागेना म्हणून वरून प्रायमर फासला. आणि मग दरसाल, न चुकता, एक-एक हात. आम्ही तिला उरलेल्या रंगाचा लोभ म्हणून हसत होतो!

बाबांना सांगितलं. मला वाटलं म्हणतील, राहू दे आता. ते म्हणाले, "मेण हाय ना? दे इकडं." आणि आईला उजव्या मुठीत घेऊन मूठ मिटली. भर उन्हाळ्याचे दिवस, हात तसाही तापलेला. डोळे मिटून बसले. मी समोर टूथपिक घेऊन. किती वेळ बसलो होतो, देव जाणे. त्यांच्या एका हाताची मूठ नि वर दुसऱ्या हाताचं झाकण, चिमणी धरल्यासारखी.

"बघ आता," म्हणाले, आणि मूठ उघडली.

मेण मऊ झालं होतं. टूथपिकच्या टोकानं मी कडेनं हळूच उचललं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा गोळा, अलगद वर आला.

मोबाईलची बॅटरी लावली, भिंग धरलं आणि आईला बाबांच्या डोळ्यांच्या अगदी समोर आणली, जिथे त्यांना दिसतं तिथे. त्यांना सापडेना. थोडं वर, थोडं डावीकडे, मी हलवत होते. मग त्यांचा चेहरा थांबला.

एक-दोनदा त्यांचे ओठ हलले. मग अंगठ्याचं नख त्यांनी आईच्या तोंडाकडे नेलं, लूमवरच्या माणसाचं नख ते, तुटलेला धागा शोधायला वाढवलेलं, अजून तसंच ठेवतात. ते नख त्या एवढ्याशा भोकावर टेकलं.

"एवढंच?" बाबा म्हणाले. "एवढंच व्हतं व्हय गं?"

मला नव्हते विचारत. आणि मग ते हसले. त्यांचेही आता निम्मे दात गेलेत, तेही आईसारखंच मान मागे टाकून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून हसले, मोठ्यानं, लूम चालू असल्यासारखे. चार घरांनी ऐकलं असेल. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ओरडले, "थेंब वाहून जातील, पुसा!" पण पुसायला मलाच काही दिसत नव्हतं.

मग त्यांनी आईला ताटाच्या पलीकडे उभी केली, बरोब्बर समोर, डबा घेऊन आल्यासारखी.

"वाढ," म्हणाले.

मी वाढलं. तिच्याकडे बघत बघत ते सावकाश जेवले, आणि भाकरी संपल्यावर आणखी एक मागून घेतली.